खाजवू नकोस!

मराठी भाषेने खाजेवर मोठा अन्याय केला आहे. दुखण्याला तिने वेदना, व्यथा, कळ, शूळ, ठणका अशी एकाहून एक भारदस्त नावे दिली. ‘काळजात कळ आली’ असे कोणी म्हटले की ऐकणारा हळवा होतो, जवळ सरकतो. ‘अंगाला खाज सुटली’ म्हटले की तो चार बोटे दूर सरकतो आणि बहुधा हसतो. भांडणाला कारण शोधणारा माणूस खाजवून खरूज काढतो. मनात चोरी असलेल्याला आपण ‘खाई त्याला खवखवे’ म्हणून ओळखतो. आणि नसत्या उठाठेवी करणाऱ्याला कसली खाज आहे हे गावात सर्वांना ठाऊक असते. एका बिचाऱ्या व्याधीच्या खुंटीवर इतके दुर्गुण टांगलेले दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. कवींनी विरहाचा ताप गायिला, हृदयाची जखम गायिली. विरहाची खाज अद्याप कोणी गायिलेली नाही.

मला हा अन्याय जरा अधिक बोचतो. गेली तीसेक वर्षे माझ्या कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर इसबाने बिऱ्हाड केले आहे. तो भाडे देत नाही आणि जागाही सोडत नाही. पावसाळ्यात जरा परगावी गेल्यासारखा दिसतो, आणि आमच्या बुलढाण्याच्या पठारावर कार्तिकाची कोरडी थंडी उतरली की सामानसुमानासह परत येतो. दिवाळी जवळ आल्याचे घरात इतरांना चकलीच्या भाजणीच्या वासाने कळते. मला ते कोपराला कळते. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली मंडळी उटणे लावून घासघासून न्हातात, तेव्हा मी नुसते तेल चोळून कोमट पाण्याचे दोन तांबे घेतो आणि बाहेर येतो. पहिली आंघोळ झाली एवढ्यावर नरकासुराने समाधान मानावे.

या व्याधीने माणूस मरत नाही. तिची अर्धी अडचण इथेच आहे. जो रोग जीव घेत नाही त्याला लोक रोग म्हणायला तयार नसतात. तापाने फणफणलेल्या माणसासाठी घर रात्रभर जागते. खाजणाऱ्या माणसामुळे मात्र घराची झोपमोड होते. ‘झोपा आता, नका खाजवू’ असे पलीकडच्या अंथरुणावरून कोणी तरी म्हणते. त्यात प्रेम असते, कंटाळाही असतो, आणि ‘थोडे मन आवरा’ असा एक उपदेशही असतो.

मी बोलणार आहे तो या उपदेशाबद्दल. ‘खाजवू नकोस’ हे वाक्य वरवर पाहता वैद्यकीय आहे. खरे पाहता ते नैतिक आहे. ‘पडू नकोस’ असे आपण घेरी आलेल्या माणसाला म्हणत नाही, ‘खोकू नकोस’ असे दमेकऱ्याला म्हणत नाही. खाजवणे मात्र माणसाच्या हातात आहे, आणि जे हातात आहे ते न आवरणे हा दुबळेपणा, असे आपण धरून चालतो.

जगातल्या थोर विचारवंतांनीही नेमके हेच धरून चालावे, हे मोठे मौजेचे आहे. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’ या संवादात सॉक्रेटिस आपल्या प्रतिपक्षाला विचारतो, की ज्याला खाज आहे आणि जो जन्मभर पोटभर खाजवू शकतो, त्याचे आयुष्य सुखी म्हणायचे काय? नागार्जुनाच्या ‘रत्नावली’त खाजवण्याच्या सुखापेक्षा खाजच नसण्याचे सुख मोठे ठरवले आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाला संसारसुख हे खाजवण्यासारखे वाटते. दुःखानेच दुःख वाढवणारे. दोन देश, तीन दर्शने, आणि तिघांना दृष्टांत एकच सुचला! वासना म्हणजे खाज, भोग म्हणजे खाजवणे, आणि शहाणा तो जो हात आवरतो.

दृष्टांत सुंदर आहे. पण तो ज्याच्या कातडीवरून उचलला, त्या माणसाला कोणी काही विचारले नाही. वासनेबाबत निदान असे म्हणता येते, की विषय दृष्टीआड केला, मन दुसरीकडे लावले, अभ्यास केला, तर ती क्षीण होते. खाजेला विषयच नसतो. ती रात्री दोन वाजता, अंधारात, डोळे मिटलेले असताना येते. सतराव्या शतकात, 1660 साली, हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्याच अशी केली, की जिच्यामुळे खाजवण्याची इच्छा होते ती अप्रिय संवेदना म्हणजे खाज. म्हणजे खाजवण्याची इच्छा ही खाजेला जडलेली वाईट खोड नव्हे. ती खाजेच्या पोटातच आहे. पुष्कळ काळ शास्त्रज्ञ खाजेला वेदनेची धाकटी बहीण समजत. 1997 साली माणसाच्या त्वचेत केवळ खाजेचा निरोप नेणारे निराळे मज्जातंतू सापडले, तेव्हा कुठे तिला स्वतंत्र खाते मिळाले. वेदना हाताला मागे ओढते. खाज हाताला जवळ बोलावते. निखाऱ्यावरून हात काढणाऱ्याला आपण अविचारी म्हणत नाही. मग हा दुसरा हात तेवढा दोषी का?

शिवाय झोपेत खाजवतो तो कोण? सकाळी उठून पाहावे तर उशीच्या अभ्य्रावर रक्ताचे ठिपके आणि नखांत कातडीचा भुगा. रात्रभर संयमाचे पाठ घेऊन निजलेला मी, आणि हे काम करणारा मी, यांची अजून भेट झालेली नाही.

खाजवल्याने इसब वाढतो, हे मात्र शंभर टक्के खरे आहे, आणि ते लपवून माझी बाजू मजबूत होणार नाही. निरोगी कातडी ही चुना-विटांच्या भिंतीसारखी असते. काहींच्या बाबतीत त्या भिंतीचा माल जन्मतःच कमी पडतो. 2006 साली संशोधकांनी फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि हा इसब यांचा संबंध दाखवून दिला. भिंत गळकी असली की आतला ओलावा उडतो, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, आणि शरीराचे पहारेकरी विनाकारण शंख करतात. त्या गदारोळाची खाज. खाजवले की भिंत आणखी खचते. खचली की खाज आणखी. म्हणून ‘खाजवू नकोस’ हा सल्ला खरा आहे. प्रश्न एवढाच, की खरा सल्ला देणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही?

आपल्याकडे तर या सल्ल्यामागे जुना निवाडा उभा असतो. चरकाने अठरा प्रकारची कुष्ठे सांगितली. त्यांतल्या क्षुद्रकुष्ठांत विचर्चिका येते, जी पुष्कळ वैद्य आजच्या इसबाशी जुळवतात. तिथे कारणांच्या यादीत विरुद्ध आहार आहे, आणि वडीलधाऱ्यांचा व गुरूंचा अपमान, पापकर्म हेही आहे. ग्रंथकर्त्याच्या काळात त्याला काही अर्थ असेल. पण त्या ओळीचा ओघळ आमच्या माजघरापर्यंत आला. लहान मुलाच्या गालावर इसब उमटला की पहिला प्रश्न आईला: दिवस असताना काय खाल्ले होतेस? वांगे बंद, मसूर बंद, दाणे बंद, ताक बंद. मूल वाळत जाते आणि इसब जागच्या जागी. मुलगी असेल तर पुढे लग्नाचे बोलणे निघाल्यावर पूर्ण बाह्यांचे पोलके शिवले जाते. इसब स्पर्शाने लागत नाही. हे एक वाक्य दर घराच्या भिंतीवर लिहिण्यासारखे आहे, पण लिहूनही पाहुणे दुसरा पेला मागतील.

कातडी आणि केस या दोन गोष्टी जगाला दिसतात, म्हणून त्यांच्या रोगांना लाज चिकटते. आमच्याच जिल्ह्यात 2024 च्या डिसेंबरअखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड अशा काही गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले. पाणी तपासले, धान्य तपासले, गव्हातल्या सेलेनियमवर वाद झाले. पुढे अनेकांचे केस उगवूही लागले. पण त्या थोड्या दिवसांतच या गावांची लग्ने अडल्याच्या बातम्या आल्या. रोगाचे कारण सापडायच्या आधी गावाला शिक्षा झाली.

आता लोणारकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात राहून कातडीच्या रोगावर लिहायचे आणि लोणारला वळसा घालायचा, हे जमण्यासारखे नाही. अशनीच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर, आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. लवणासुराला दैत्यसूदनाने मारले, तो पाताळात गेला आणि हे कुंड झाले, ही कथा. 1973 साली शास्त्रज्ञांनी अशनीचा पुरावा मांडला, हे शास्त्र. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त इथे काच आणि साबण यांना लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. 2020 च्या जूनमध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले तेव्हा सारे जग पाहायला लागले. पण आमच्या भागातल्या माणसाला लोणार ठाऊक आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या पाण्याने आणि त्या गाळाने खरूज, नायटा, इसब जातो, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. काठावर कमळजादेवीचे देऊळ; नवरात्रात तिथे यात्रा; आणि यात्रेत दर्शनाला आलेल्यांत पाय उघडे करून गुपचूप पाण्याशी जाणारी माणसेही असायची.

रसायनशास्त्र या श्रद्धेला फारसे अनुकूल नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पी.एच. 5 च्या आसपास. लोणारच्या पाण्याचा 10 च्या आसपास. या मोजमापात एकेक घर दहापटीचे असते, म्हणजे पाच घरांचा फरक हा लाखपटीचा झाला. ज्या भिंतीचा चुना आधीच कच्चा, तिच्यावर सोड्याचे पाणी ओतायचे! खरुजेचे किंवा जंतूंचे काय होत असेल ते असो. इसबाच्या कातडीला त्या पाण्याकडून आशा करता येत नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक आजी राहत. दोन्ही पायांच्या घोट्यांवर जुना, जाड, काळवंडलेला इसब. त्या दर नवरात्रात लोणारला जात. त्यांचा नातू मुंबईला डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होता. सुटीत आला तेव्हा त्याने हे आम्ल-अल्कांचे सारे गणित आजीला पुढ्यात बसवून समजावले. आजीने शांतपणे ऐकले, आणि म्हणाल्या, “बाप्पा, तिथं जाऊन माहा पाय बरा होत नाही, हे का मले समजत नाही? तीस वर्षं झाले. पण तिथं सगळ्यायचेच पाय तसे. तिथं मी लुगडं वर घेतलं त कोनी पाहत नाही.”

नातू गप्प बसला. मग हुशार मुलगा असल्यामुळे त्याने दुसरा प्रश्न विचारला: पाण्यातून निघाल्यावर काय करतेस? तर खालून चढून वर यायचे, धारेच्या गोड्या पाण्याखाली स्वच्छ न्हायचे, आणि ओल्या अंगालाच खोबरेल चोळायचे. हे त्यांच्या सासूने घालून दिलेले. नातू हसायला लागला. गोड्या पाण्याने न्हाऊन अंग पुरते कोरडे होण्याआधीच स्निग्ध काही तरी लावणे, हे इसबाच्या उपचारातले पहिले कलम आहे. लोणारच्या विवराची गंमतच ही, की तळाला क्षार आणि वरच्या कडेला अखंड गोडी धार. आजीला चार दिवस बरे वाटत असेल तर ते कशाने, याबद्दल मी पैज लावू शकतो. पण सरोवराचे श्रेय काढून धारेला देण्याचा उद्योग आजीपुढे मी केला नाही. नातवाने मात्र खोबरेलाचा नियम रोजचा करून घेतला, आणि तो आजीने पाळलाही.

आजीचे ते उत्तर माझ्या मनातून जात नाही, कारण त्यात आमच्या साऱ्या उपदेशांना न दिसलेली एक गोष्ट आहे. आपण दोनच गोष्टींना मान देतो: रोग मुळापासून बरा होणे, आणि तो निमूट सोसणे. बरे झालेल्याची गोष्ट सांगतात. सोसणाऱ्याला साधू म्हणतात. या दोहोंच्या मध्ये ‘आराम’ नावाचा एक प्रदेश आहे, ज्याला कोणी मान देत नाही. आराम मागणे म्हणजे कमकुवतपणा. ‘तात्पुरता’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण ज्याला जन्मभराचा इसब आहे त्याचे सारे आयुष्य तात्पुरत्याच्या तुकड्यांनीच शिवलेले असते. आजची रात्र झोप लागली. या आठवड्यात मान बरी आहे. ही काही लहान प्राप्ती नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीतला मारा हा चर्मरोगाने इतका बेजार झाला होता, की औषधी पाण्याच्या टबात बसून तो लेखन करी, आणि 13 जुलै 1793 रोजी त्याचा खूनही त्या टबातच झाला. त्या टबातून त्याने केलेले राजकारण मला भयंकर वाटते. पण त्याला तो टब मिळू नये असे म्हणवत नाही.

तरीही सगळा आराम सारखा नसतो, आणि इथे मला लोणारपेक्षा औषधाच्या दुकानाची भीती अधिक वाटते. 1952 साली हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो असे दिसले, आणि इसबाच्या इतिहासात पहिल्यांदा दोन दिवसांत आग विझवणारे काही तरी माणसाच्या हाती आले. डॉक्टरने सांगितले तितके, तितकेच दिवस आणि योग्य जागी लावले तर ते वरदान आहे. मी त्याचा ऋणी आहे. पण आमच्याकडे त्याची थोरली, जहाल भावंडे बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधांत मिसळून, नायट्यालाही तीच आणि इसबालाही तीच अशी गावोगाव विकली गेली. मुली ती गोरेपणासाठी तोंडाला लावू लागल्या. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. बंदी दुकानाच्या फळीपर्यंत किती पोचली, हे वाचकांनी आपल्या गावात पाहावे. महिनोन्‌महिने चोळलेल्या त्या मलमाने कातडी कागदासारखी पातळ होते, आणि सोडले की आग दुप्पट उसळते. हा आराम उद्याच्या पोत्यातून आजचे धान्य काढतो. खाजवणेही तसेच. म्हणून आराम खोटा की खरा, हे ठरवताना मी एवढेच पाहतो, की त्याची किंमत कोण भरणार आणि केव्हा.

पण हा हिशेब घरात बसणाऱ्याला सोपा. काँग्रेस गवताचेच घ्या. 1955-56 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलेले हे गाजर गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे लोक म्हणतात. पंधरा-वीस वर्षांत ते सर्वत्र माजले, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. त्याचा वाऱ्यावर उडणारा चुरा पापण्यांवर, मानेवर, कोपरांच्या घडीत बसतो, आणि ज्याला तो बाधतो त्याचा चेहरा सिंहासारखा जाडसर होत जातो. 1984 मध्ये हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आणून सोडला; भुंग्याने आपल्या परीने काम केले, गवत संपले नाही. अशा एका शेतकऱ्याला मी ओळखतो. चिखलीकडचा, चार एकरांचा धनी. त्याला सांगितले गेले, की वावरात जाऊ नका. निदान अचूक होते, उपायही अचूक होता. त्याने विचारले, “मंग पेराले कोन जाईन?”

याला कोणते नीतिशास्त्र उत्तर देते? सॉक्रेटिसचा खाजणारा माणूस निदान मोकळा होता. या माणसाला रोगाचे कारण ठाऊक आहे, ते कारण त्याच्या बांधावर फुलले आहे, आणि त्याची भाकर त्याच बांधाच्या आत आहे. त्याने काय केले? जुन्या धोतराचे दोन पदर करून तोंडाला बांधले, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, गवत फुलावर येण्याआधीच पहाटेच्या दवात शेजाऱ्याकडून उपटून घेऊ लागला आणि बदल्यात शेजाऱ्याचे ओलिताचे पाणी सांभाळू लागला. घरी आल्यावर पहिले काम आंघोळ, मग तेल, मग चहा. उन्हाळ्यात तरीही त्याचा चेहरा सुजतो, आणि तेव्हा तो खाजवतो. समोर मी असलो तरी खाजवतो. मी त्याला कधी ‘खाजवू नका’ म्हणत नाही. ज्याच्या हातात देण्यासारखे काही नाही त्याने दुसऱ्याचा हात धरू नये, असे मला वाटते.

आता देण्यासारखे पुष्कळ आहे, हेही सांगितले पाहिजे. 2017 पासून इसबासाठी नवी सुई-औषधे आली आहेत, जी शरीराच्या त्या चुकल्या पहारेकऱ्यांनाच आवरतात. किंमत ऐकून मात्र आमच्या भागातला माणूस आधी सातबारा आठवतो. तोवर साधे तेल, कोमट पाणी, सुती कपडा, कापलेली नखे, वेळेवर दाखवलेला डॉक्टर यांचे राज्य. आणि घरातली माणसे.

आमच्या गल्लीत दीड वर्षाचे एक मूल आहे. गालांवर, मनगटांवर इसब. त्याची आई जुन्या मऊ साडीच्या पिशव्या शिवून रात्री त्याच्या हातांना बांधते. तरी ते मध्यरात्री उठते आणि गाल उशीवर घासू लागते. भिंतीपलीकडून मला ऐकू येते. सुरुवातीला ती ‘नको रे, नको खाजवू’ म्हणे. हल्ली म्हणत नाही. हल्ली दिवा लागतो, वाटीचा आवाज होतो, आणि ती म्हणते, “दे इकडे, मी चोळते.”